घाट संध्याकाळी पाचला धरू नये

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत. थोडक्यात असं:

“आम्ही सहा मैत्रिणी. दिवाळीत चार रात्रींसाठी मालवणजवळ देवबागला एका घरगुती निवासात तीन खोल्या घेतल्या. स्कूबा ठरवलं, सिंधुदुर्ग किल्ला ठरवला. सगळं बुकिंग मी केलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी बातम्या बघून एक गळाली. पोचलो त्या दुपारपासून पाऊस. दुसऱ्या दिवशी चक्क ऊन पडलं, तरी बोटी बंद. बोटवाले फसवतायत असंच वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा झोडपायला लागला. दोघी राहू म्हणत होत्या, तिघी निघू. शेवटी संध्याकाळी पाचला निघालो. फोंडा घाटात टायर फाटलं, पुढे झाड पडलेलं. घरी रात्री अडीचला. घरमालकाने एका जादा रात्रीचे ७,५०० घेतले, ते मी भरले. स्कूबाचे ३,००० अडकलेत. गळालेली तिचे २,५०० मागतेय. गाडीवालीला टायरचा फटका. ग्रुपवर आठ दिवस कुणी बोलत नाही. चूक माझी का? हिशेब कसा करू? आणि जानेवारीत परत जावं का?”

ताई, आधी मनातला काटा काढा. दिवाळीत देवबाग ठरवणं ही चूक नव्हे. किल्ल्याची होडी आणि पाण्यावरचे खेळ मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात आणि सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात. परतीचा पाऊसही एरवी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक सरलेला असतो. पण अरबी समुद्राला वादळांचे दोन मोसम आहेत, एक पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. फयान आलं ते २००९च्या नोव्हेंबरात. क्यार २०१९च्या ऐन दिवाळीत. मे महिन्यात कोकणात जाणारा माणूस आभाळाकडे बघत जातो, दिवाळीत जाणारा बघत नाही. एवढंच तुमच्या हातून राहिलं.

ऊन असताना बोटी बंद होत्या, त्यात फसवणूक नव्हती. क्यार कोकणच्या किनाऱ्याला धडकलंच नाही, समुद्रातल्या समुद्रात पश्चिमेला निघून गेलं, तरी देवबाग-तारकर्लीला पाणी वस्तीपर्यंत आलं होतं. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याने उठवलेली लाट किनाऱ्यापर्यंत चालत येते, आणि तिला तुमच्या डोक्यावरच्या उन्हाशी देणंघेणं नसतं. ही लाट घड्याळावर ओळखता येते. इथल्याच वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांनी एक अशा खळखळत येतात. लांबून आलेली लाट बारा-पंधरा सेकंदांनी येते, दिसायला मऊ, पण आली की सगळी वाळू चढून वर येते. अशा दिवशी मालवणच्या धक्क्याला होडी लावली तर ती एका लाटेत हात-दोन हात वर जाते आणि खाली आपटते. साडीतली बाई किंवा पोर त्या क्षणी पाय टाकत असेल तर काय होईल ते सांगायला नको. देवबागच्या बाजूला बोट बाहेर पडते ती कर्ली नदीच्या मुखातून. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि लाट आत येत असते. वाळूच्या उथळ पट्ट्यावर दोन्ही भिडले की पाणी अक्षरशः उभं राहतं. बोटी उलटतात त्या अशा जागी.

बोटवाल्याला खरं-खोटं विचारत बसू नका. “बावटा कितीचा आहे?” एवढंच विचारा. बावटा म्हणजे बंदरावर लावलेली वादळाच्या इशाऱ्याची खूण. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर विषय संपला. आणखी एक खूण म्हणजे देवगड बंदरात परप्रांतीय नौका आश्रयाला आल्याची बातमी. देवगडचं बंदर सुरक्षित, म्हणून गुजरात-कर्नाटकाच्या नौका वादळात तिकडे शिरतात. ती बातमी वाचलीत की पुढचे दोन-तीन दिवस स्कूबाचं नाव काढू नये. बोट सुटली तरी उपयोग नसतो, कारण खाली वाळू ढवळलेली असते, नद्यांचं गढूळ पाणी त्यात मिसळलेलं असतं आणि पैसे मोजून आपण चहात डोकं घालून येतो. जाता जाता, बावटा असताना थाळीत ताजी सुरमई म्हणून आली तर ती बर्फातली समजा. त्या दिवसांत वडे-कोंबडी मागवावी, नाहीतर खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) नाहीतर खेकडे.

दिवाळीतला प्रत्येक पाऊस मात्र वादळाचा नसतो. परतीच्या पावसाची चाल ठरलेली असते. सकाळ लख्ख, दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात, तीन-चारनंतर विजा आणि सर, रात्री चांदणं. असा पाऊस असेल तर काही रद्द करायचं नाही, फक्त पाण्यातलं सगळं सकाळी साडेसात ते अकरात उरकायचं. कमी दाबाच्या पट्ट्याचा पाऊस वेळ पाळत नाही. तो पहाटेही पडतो, वारा एकाच बाजूने न थांबता येतो, अर्धा तास झोडपतो, वीस मिनिटं उघडतो, पुन्हा झोडपतो. तुमच्या पत्रातला पाऊस दुसऱ्या जातीचा. तो पहिल्या रात्रीच ओळखता आला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर निर्णय झाला असता.

आता खरी चूक. ती बुकिंगची नाही, संध्याकाळी पाचची आहे, आणि ती पाचही जणींची.

ऑक्टोबरच्या शेवटी मालवणात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. देवबागहून पाचला निघालात म्हणजे कसाल, कणकवली करत घाटाच्या पायथ्याला येईतो सात-साडेसात. म्हणजे काळोख, पाऊस, धुकं आणि दमलेली चालक, चारही एकदम. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट साधारणपणे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसासाठी असतो. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर हजार चौरस फुटांच्या छपरावर दहा हजार लिटरचा भरलेला टँकर ओता, तो झाला ऑरेंजचा खालचा काठ. घाटात हे पाणी डोंगरावरून उतरतं आणि कडेच्या गटारात जायला बघतं. गटार दगडांनी आधीच भरलेलं असतं, म्हणून पाणी रस्त्यावरून वाहतं आणि येताना दगड घेऊन येतं. लाल चिखलाच्या साईखाली ते दगड दिसत नाहीत. समोरून ट्रक आला की आपण डावं चाक डांबराच्या कडेखाली घालतो, आणि टायरची बाजू, जिथे रबर सगळ्यात पातळ असतं, नेमकी दगडाच्या धारेवर घासते. तुमचं टायर फाटलं ते बहुधा असंच. बाजूने फाटलेल्या टायरला पंक्चरवाला हात लावत नाही, ते फेकायचंच.

त्यानंतर तुमच्या मैत्रिणीने केलं ते मात्र योग्य. पत्रात तुम्ही कुरकुरलाय की फाटल्यावरही ती गाडी पुढे रेटत राहिली आणि रिम वाकली. अहो, कड्याखाली थांबून जॅक लावण्यापेक्षा दोन-तीनशे मीटर रखडत मोकळ्या वळणावर नेलेली गाडी बरी. रिम ठोकून सरळ होते. पावसात कड्यावरून सुटलेला धोंडा काही ठोकून परत वर जात नाही.

पुढच्या वेळी नियम एकच ठेवा. घाट ओलांडून घरी जायचं असेल तर दुपारी बाराच्या आत गाडी हलली पाहिजे. बारा वाजले आणि अजून “जाऊ का राहू” चाललंय, तर उत्तर आपोआप “राहू”. मतदान नाही. गाडी चालवणारी “नको” म्हणाली तर तिथेच थांबायचं, तिला कारण विचारायचं नाही. निघण्याआधी कणकवली एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर एकच प्रश्न विचारायचा: “कोल्हापूरची गाडी आज कुठल्या घाटाने सोडली?” मोबाइलवरचा नकाशा फोंड्याचा रस्ता निळा दाखवत राहतो, पण एसटीचा ड्रायव्हर तासाभरापूर्वी तिथून उतरलेला असतो. फोंडा बंद असेल तर गगनबावडा, तोही नसेल तर सावंतवाडीवरून आंबोली, आणि तिन्हींची खात्री नसेल तर कणकवलीत लॉज घ्यायचा. धुक्यात दिवे लो बीमवर ठेवायचे, हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नयेत, वळताय की थांबलाय ते मागच्याला कळत नाही. रस्त्यावरून वाहणारं पाणी चाकाच्या मधल्या बोंडापर्यंत असेल तर गाडी घालायची नाही. चुकून घातली आणि बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर टायर परवडलं म्हणाल.

राहिलो असतो तर करायचं काय, हा दोघी-तिघींचा वाद होता. देवबागलाच राहणं मीही सुचवलं नसतं. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी जीभ. रस्ता एक. त्यात लक्ष्मीपूजन अमावस्येचं, म्हणजे दिवाळी आणि उधाणाची भरती एकाच वेळी येणार, दरवर्षी. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, तेही सकाळी आणि रात्री दोन्हीकडे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण वाळूवर कधी उतरायचं नाही ते कळायला पुरतो. वादळी हवेत ऐन उधाणाच्या रात्री त्या जिभेवर झोपण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळीच सामान उचलून कुडाळ किंवा सावंतवाडीला आत सरकायला हवं होतं.

आत सरकलात की पावसाची चीड निम्मी होते. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट, आणि कळसूत्री बाहुल्या बघायला मिळतात, छपराखाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी. धामापूरचा तलाव पावसात उलट जास्त चांगला दिसतो, फक्त काठाच्या ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल काढून जपून. वीज जाईल हे धरून चाला. इन्व्हर्टरवर बहुतेक ठिकाणी दिवा आणि पंखा चालतो, गीझर नाही. वीज गेली की काही तासांनी मोबाइलचा टॉवरही मान टाकतो आणि त्याच्याबरोबर फोनवरून पैसे देणं. म्हणून चार-पाच हजार रोख जवळ हवी, शंभराच्या नोटांत. रात्री अंगणात उतरताना बॅटरी आणि बंद बूट. सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप काही दुर्मिळ नाही.

हिशेबाकडे वळू. इथे भावना बाजूला ठेवा आणि वही घ्या.

खोल्या रात्रीला ७,५००, चार रात्रींचे ३०,०००, पैकी १५,००० आगाऊ, सहा जणींचे प्रत्येकी २,५००. राहिलात दोन रात्री, म्हणजे आगाऊ रक्कम तिथेच फिटली. वरचे ७,५०० मालकाने एका मोकळ्या गेलेल्या रात्रीचे घेतले. कडक वाटेल, पण अन्यायाचे नाहीत. त्यांना वर्षात दिवाळी, नाताळ आणि मे एवढेच भरलेले दिवस, आणि तुमच्यासाठी त्यांनी त्या खोल्या दुसऱ्यांना नाकारल्या. ते पैसे परत मागू नका, पुढे वळवून मागा. “जानेवारीत दोन रात्री येतोय, ते ७,५०० त्यात धराल का?” असं विचारलंत तर हो म्हणायची शक्यता बरीच आहे. हंगाम नसलेल्या आठवड्यात भरलेल्या खोल्या त्यांनाही हव्याच असतात.

गळालेल्या मैत्रिणीला २,५०० मिळू नयेत. ती आली नाही म्हणून खोल्या तीनच्या दोन झाल्या नाहीत. आठ-दहा दिवस आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. पण त्यापुढचा एक रुपयाही तिच्याकडून घ्यायचा नाही. ते ७,५००, पेट्रोल, टायर, जेवण, कशातच ती नाही.

म्हणजे ७,५०० भागिले पाच, प्रत्येकी १,५००. पेट्रोल तुम्ही २,८०० लिहिलंय. ज्या मैत्रिणीची गाडी, तिला पेट्रोलमध्ये धरू नये असं आमचं मत, कारण तिची गाडी झिजते. म्हणून भागिले चार, ७०० प्रत्येकी. नवं टायर ५,६००, पण जुनं बावीस हजार किलोमीटर चाललेलं होतं, म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं. विमा कंपनीसुद्धा टायरचं नुकसान निम्म्यानेच मोजते, आणि तेही गाडीचं दुसरं नुकसान झालं असेल तरच. म्हणून मैत्रिणींमध्ये वाटायचे २,८००, अधिक रिम आणि अलाइनमेंटचे १,२००, मिळून ४,०००, भागिले पाच, ८००. निघायचं सगळ्यांनी ठरवलं, म्हणून यात गाडीवालीही आली.

आता गंमत बघा. तुम्ही गाडीवालीला ७०० आणि ८०० मिळून १,५०० देणं लागता, आणि ती तुम्हाला खोल्यांचे १,५००. तुमचं दोघींचं फिटलं. उरलेल्या तिघींनी प्रत्येकी १,५०० तुम्हाला आणि १,५०० तिला द्यायचे. जेवणाचं जिने जिथे दिलं ते तसंच सोडून द्या. ग्रुपवर “कुणामुळे काय झालं” यातलं काही न लिहिता हा हिशेब आकड्यांसकट टाका. आठ दिवसांची शांतता बरेचदा रागाची नसते, किती द्यायचे ते कुणालाच माहीत नसतं म्हणून असते.

स्कूबाचे ३,००० मात्र सोडू नका. तिथे सेवाच दिली गेली नाही. तारीख, भरलेल्या पैशांची पावती आणि “या दिवशी बावट्यामुळे बोटी बंद होत्या” अशी एक ओळ लिहून लेखी मागा, सात दिवस द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. परत आले की गळालेलीचे ५०० तिला आठवणीने द्या. तिचं तोंड त्या ५००नीच गोड होईल.

जानेवारीत जरूर जा, पण नाताळ आणि एकतीस डिसेंबरची गर्दी ओसरू द्या. जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम, आणि कॅलेंडरमध्ये अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस बघा. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते, तीत पाण्याची ओढ कमी असते, वाळू कमी ढवळते, पाण्याखाली जास्त लांबचं दिसतं. बोट सकाळची पहिली घ्या, दुपारी खारे वारे सुटले की पाणी चाळवतं.

आणि आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी मालकांना हा निरोप पाठवून “ठीक” असं उत्तर घ्या: “सिंधुदुर्गला रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला, किंवा बंदरावर बावटा असला, तर आमची आगाऊ रक्कम सहा महिन्यांत दुसऱ्या तारखेला वळती करावी. अर्ध्यातून निघालो तर न राहिलेल्या पहिल्या रात्रीचं निम्मं भाडं आम्ही देऊ, बाकी नाही.” आपणच निम्मं देऊ केलं की समोरचा सहसा हो म्हणतो. तोंडी ठरलेलं दिवाळीत कुणाला आठवत नाही.

गाडीवालीला एक सांगा. नवं टायर बसवताना स्टेपनीची हवाही बघून घे म्हणावं. तुमच्या पत्रात घाटात स्टेपनी लावल्यावर “गाडी एका बाजूला ओढत होती” असं एक वाक्य आहे. डिकीत वर्षभर पडून राहिलेल्या स्टेपनीची हवा हळूहळू उतरत जाते. ती नेहमीच्या दाबापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्तच भरून ठेवायची, आणि दर दोन महिन्यांनी चारही चाकांबरोबर तिचीही तपासायची.